कुंभाराचे रांजण आणि निंबोळीचा अर्क

एका गावात एक कुंभार होता. त्याच्या रांजणातलं पाणी इतकं गार आणि गोड, की लांबलांबची माणसं त्याच्याकडेच यायची. भट्टीतून निघालेला रांजण तो लगेच विकत नसे. काठोकाठ भरून पंधरा दिवस परसात ठेवायचा. मातीचा कच्चा वास गेला की पाणी ओतून द्यायचं आणि मगच रांजण गिऱ्हाइकाला.

त्या वर्षी गावात हिवताप शिरला. एक म्हातारी वैदीण दारोदार सांगत हिंडू लागली, "बाबांनो, डास साचल्या पाण्यात वाढतात. वाळल्या निंबोळ्या कुटा, भिजवा, गाळा आणि तो अर्क दर आठ दिवसांनी त्या पाण्यात टाका. अळ्या तिथंच मरतील."

सगळं गाव कामाला लागलं. कुंभारानंही दारापुढच्या गटारात अर्क ओतला. पण वैदीण परसात डोकावली, तर रांजणांत अळ्या वळवळत होत्या.

"अरे, आणि ह्यांच्यात?"

"छे छे, आजी! माती सगळं पिऊन घेते. एकदा कडू झालेला रांजण जन्माचा कडू. कोण नेईल?"

"घरात लेकरू आहे रे तुझ्या."

"बरं, टाकतो, टाकतो," कुंभार म्हणाला. तिची पाठ वळली आणि त्यानं अर्काचं मडकं कोनाड्यात सारलं. काय म्हणावं या माणसाला!

त्याची लेक येसू सात वर्षांची. रांजणांपाशी बसून मातीच्या चिमण्या करायची. गावातला ताप ओसरला. डास उरले ते याच्याच परसात. एके दिवशी येसूला थंडी भरली. "बाबा, गोधडी घाल ना," म्हणाली. एकीवर एक तीन घातल्या, तरी पोर कुडकुडतच होती. वैदिणीनं काढे दिले, कुंभारानं तळपाय चोळले. चौथ्या दिवशी येसू गेली.

 

तेरावा झाल्यावर कुंभारानं स्वतः निंबोळ्या कुटल्या आणि प्रत्येक रांजणात अर्क ओतला. अळ्या मेल्या. पंधरा दिवसांनी त्यानं रांजण रिकामे केले, धुतले, उन्हात वाळवले. मग एकात प्यायचं पाणी भरलं आणि भीत भीत घोट घेतला.

पाणी गोड होतं. नेहमीसारखंच.

"येसू गं!" म्हणत तो रांजणाला कवटाळून धाय मोकलून रडला.

तात्पर्य: जी भीती कधी तपासूनही पाहिली नाही, तिच्यापायी घरातला जीव पणाला लावू नये.