बुधीची शेवळं आणि काकडावरची परी

एक होती बुधी, एक होती तिची आय हिरी आणि एक होतं त्यांचं काळं मडकं. डोंगराच्या पायथ्याशी कुडाच्या झोपडीत तिघं राहायची. मडकं धरून तिघं, चौथं कुणी नव्हतं.

एके वर्षी आय तापाने पडली. ताप गेला, पण जाताना तिची भूक घेऊन गेला. आठ दिवस तिने पेजसुद्धा तोंडाला लावली नाही. शेजारच्या पवशी म्हातारीने बुधीला दाराबाहेर नेऊन सांगितलं, की पोटात काही गेलं नाही तर तुझी आय राहत नाही बघ. बुधीने रोज विचारावं, काय खाशील? आयने रोज कुडाकडे तोंड फिरवावं. नवव्या दिवशी मात्र ती पुटपुटली, "शेवळं."

शेवळं पाहिलीत का तुम्ही? जमीन भिजली की जांभळट, टोकदार कोंब मातीतून असा वर येतो, जणू खालून कुणी बोट दाखवतंय. खालच्या गावची माणसं बघूनच नाक मुरडतात, ही सापाची भाजी म्हणतात. आमच्या डोंगरात तिच्यासाठी वर्षभर वाट बघतात. पण नुसती रांधली तर शेवळं घसा धरतात, घशात मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखी खवखव सुटते. त्यांत काकडं पडावी लागतात. काकडी नव्हे हो, काकडं म्हणजे रानातल्या झाडाची हिरवी आंबट फळं, लहानशा आवळ्यासारखी. आणि रीत अशी, की रांधणारीने पहिला घास स्वतः खायचा, थोडं थांबायचं, मगच दुसऱ्याला वाढायचं.

शेवळं बुधीला ओटीभर मिळाली. काकडाचं झाड मात्र त्या वर्षी काही वेगळंच वागत होतं. फळांनी लगडलेलं, पण हात वर केला की फांदीही वर जायची. पवशी म्हातारीने बुधीला बजावून धाडलं, की तिथे जे कोण भेटेल त्याचे पाय आधी बघ. आणि जो तुझ्या मडक्यातलं खाणार नाही, त्याच्या हातचं काही घेऊ नको.

बुधी झाडाखाली उभी राहिली. उन्हाचा एक कवडसा पानावरून घसरला, मध्येच थबकला आणि त्याला पंख फुटले. बोटभर परी ती. पोपटी पंखुडे, त्यांना सोनेरी कड, केसांत दवाचे इवले इवले मणी. बुधीने आधी पाय पाहिले. उलटे नव्हते, पण जमिनीलाही टेकत नव्हते. आता हिच्यावर भरवसा ठेवायचा की नाही, ते काही तिला कळेना.

परीची नजर बुधीच्या ओटीवर होती.

"काय लपवलंयस?" तिचा आवाज बेडकीसारखा घोगरा होता.

"शेवळं हायेत."

परी झटकन दोन फांद्या वर गेली. तिथूनच म्हणाली, "माझ्याकडे एकदाच मागता येतं, मागशील ते मिळेल. सोन्याची झोपडी माग, केशरी भात माग. पण ती शेवळं फेकून दे."

बुधी म्हणाली, "केशरी भात तू खातेस का?"

"मी माणसांबरोबर खात नाही."

"मग तुझ्या हातचं काही नको. फांदी तेवढी खाली कर, ओंजळभर काकडं मीच तोडते."

परीला वाटलं, हा काहीतरी डाव आहे. सोनं सोडून आंबट फळं कोण मागतं? मग तिने आपलं दुखणं सांगितलं. गेल्या वर्षी खालच्या गावचा एक जण शेवळांची भाजी घेऊन आला होता, आणि तिने विश्वासाने खाल्ली होती. तेव्हापासून घशाची खवखव गेली नव्हती, गाणं मात्र गेलं होतं. म्हणून शेवळं हातात घेऊन येणाऱ्याला ती फांदीला हात लावू देत नव्हती.

"त्याने काकडं घातली नसतील," बुधी म्हणाली. "तुझं औषध तुझ्याच झाडावर हाय, आन् तूच ते अडवून बसलीयास."

परीचा विश्वास बसला नाही. ती म्हणाली, फळं देते, पण भाजीने कुणाचाही घसा धरला तर तुझा आवाज माझा. बुधीला आयची हाक आठवली, त्या हाकेला ओ कोण देणार? तरी तिने ओंजळ पुढे केली, आणि फांदी हळूच खाली आली.

परी मागोमाग झोपडीत आली. बुधीने शेवळं सोलली, आतला पिवळा भाग काढून फेकला, बारीक चिरून मडक्यात परतली. काकडं ठेचून त्यांचा रस ओतला. परी मडक्याच्या काठावर बसून प्रत्येक चिमूट हुंगत होती, आणि ही वरून काही टाकत तर नाही ना, म्हणून बुधी परीवर डोळा ठेवून होती. ते बघून अंथरुणातल्या आयला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

भाजी जेमतेम एका माणसापुरती झाली. बुधीने पहिला घास खाल्ला आणि ती थांबली. चुलीतलं लाकूड तडतडलं. परी तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होती.

"काय नाय झालं," बुधी म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

मग तिने आयच्या वाटणीतूनच शेंगदाण्याएवढा घास काढून परीपुढे धरला. परीने नाक मुरडलं, डोळे मिटले आणि खाल्ला. आणि तिच्या गळ्यातून चांदीच्या घुंगरासारखा एक सूर निघाला. तो ऐकून ती स्वतःच दचकली.

"मी तुझ्यावर संशय घेतला," परी म्हणाली.

"मी पण घेतलाच की," बुधी म्हणाली.

परी मडक्याभोवती तीनदा गात फिरली. म्हणाली, आजपासून काकडाची फांदी सगळ्यांना खाली येईल. आणि जोवर रांधणारी पहिला घास स्वतः खाईल, दुसरा पाहुण्याला देईल, तोवर या मडक्याचा तळ दिसणार नाही. मग तिचे पंखुडे लखलखले, कुडाच्या फटीफटीतून पोपटी, सोनेरी उजेड सांडला, आणि ती दिसेनाशी झाली.

पुढे खालच्या गावची माणसंही नाक धरून आली आणि बोटं चाटत गेली. बुधीच्या घरी पुन्हा कधी चूल रिकामी राहिली नाही. पण खरं भाग्य त्याच दिवशी आलं होतं. उजेड विझल्यावर आय उठून बसली, तिने पान जवळ ओढलं, सगळं संपवलं, आणि रिकामं पान पुढे करून म्हणाली,

"बुधे, आजून वाढ."