उंबरठ्याला बांधलेले सूत

एका राज्यात, जिथे पक्षी बोलत आणि डोंगर ऐकत, एक जुनी रीत होती. घरातून कोणी लांब निघाले की सुताचे एक टोक उंबरठ्याला बांधायचे आणि उरलेल्या सुताची गुंडी जाणाऱ्याच्या कमरेला खोचायची. ते सूत कधी संपत नसे. माणूस चालेल तितके ते सुटत जाई. मागे राहिलेले माणूस उंबरठ्याशी बसून त्यावर बोट ठेवी. सूत सरकले की समजावे, आपले माणूस चालते आहे. बंधन एकच होते. गेलेल्याचे सूत ओढू नये. तुटले तर त्याला घर कधीच सापडत नाही, असे जाणती माणसे सांगत.

त्या राज्याचा राजा हेमकंठ सरहद्द पाहायला पूर्वेच्या दरवाजाने निघाला. वाटेत एका गुहेत त्याला सोन्याच्या खडावा दिसल्या. त्या कालंधर जादूगाराच्या होत्या. राजाने त्या पायांत घातल्या आणि खडावा चालू लागल्या. मग राजाला थांबता येईना.

मागे राजकन्या शाल्मली होती. आई नव्हती, बाबा चालते झाले, आणि तिच्या वाट्याला आले ते बोटाखालून सरकणारे सूत. शिपाई सुताच्या मागे गेले. सात डोंगर चढले, उतरले, आणि झिजलेले जोडे हातात घेऊन परत आले. म्हणाले, "आम्ही मागे मागेच राहतो. सूत अजून पुढे जाते."

शाल्मली मोठी झाली. दरबारात ती फारशी बोलत नसे. पण संध्याकाळी पायरीवर उभी राहून हाक मारी, "बाबा, घरी या." अलीकडे एक गोष्ट तिच्या बोटाला कळली होती. हाक मारली की सूत श्वासभर थांबे.

एके दिवशी कालंधर दरबारात आला.

"माझ्या खडावा झिजत आल्या," तो म्हणाला. "राजकन्ये, तीन प्रश्न विचारतो. तिन्ही उत्तरे खरी, तर राजा सुटेल. एक जरी चुकले, तर तो कायमचा चालत राहील. राजा किती चालला? राजा घरापासून किती दूर आहे? आणि कोणीकडे? सूर्य मावळेपर्यंत सांग."

प्रधान भद्रसेन मिशीत हसला. "जादूगार महाराज, वय झाले तुमचे. एकच प्रश्न दोनदा विचारलात."

"एकच आहे का, ते राजकन्येने ठरवावे," कालंधर म्हणाला.

प्रधान शाल्मलीकडे वळला. "सांगून टाका, राजकन्ये. जितके सूत सुटले तितके महाराज चालले, आणि तितकेच दूर गेले. पूर्वेला. यात अवघड काय आहे?"

शाल्मली उंबरठ्याशी आली. जवळच्या दगडावर एक टिटवी बसली होती.

"काय गं पोरी, रडतेस?"

"प्रधानजी म्हणतात, बाबा सात डोंगरांपलीकडे आहेत."

"तुम्हा पायवाल्यांचे हे असेच. वळणे मोजत बसता. पलीकडच्या डोहावर जायला तुमचा रस्ता दिवसभर वळतो. मी सरळ उडते आणि न्याहारीला तिथे असते."

"मग बाबा कुठे आहेत?"

"ते सांगायची जादूगाराने मला बंदी केली आहे. पण तू हाक मारलीस की सूत का थांबते गं?"

शाल्मलीने डोळे पुसले. "माझी हाक सात डोंगरांपलीकडे कशी जाईल?"

"माझीसुद्धा जात नाही," टिटवी म्हणाली. "आणि माझ्या आवाजाने तर सगळे गाव वैतागले आहे."

"वळणे काढली तर सरळ सूत उरेल," म्हणत शाल्मलीने सूत दोन्ही हातांत धरले. तिची दाई कमळजा धावत आली. "नको गं बाय! तुटले तर तेवढेही जाईल!"

तेवढेच तर होते तिच्यापाशी. पण तिने सूत ओढले.

घरच्या माणसाने ओढलेल्या सुताला डोंगर वाट देतात. हे कोणालाच माहीत नव्हते, कारण आजवर कोणी ओढलेच नव्हते. सूत येऊ लागले. काही हात सुताला समुद्राचा वास होता. काही सुतात गोखरूचे काटे अडकले होते. काही वाळूने पिवळे पडले होते. प्रत्येक हाताला ती मनात म्हणे, बाबा इथे होते. अंगणात हत्तीएवढा ढीग झाला आणि तो पाहायला दरबारातून आलेल्या प्रधानाचे हसू विरून गेले. मग उरलेले सूत पूर्वेच्या दरवाजातून निसटले, आभाळातून राजवाड्याच्या तटावरून फिरले आणि पश्चिमेला येऊन ताठ झाले. उंबरठ्यापासून परसात, परसातून मागच्या केवड्याच्या बनात. सापांच्या भीतीने तिकडे कोणी फिरकत नसे. कपडे वाळत घालायच्या दोन-चार दोऱ्या जोडल्या असत्या तर पुरल्या असत्या, एवढेच ते सूत होते.

सूर्य तटाला टेकला तेव्हा कालंधर उत्तर ऐकायला अंगणात आला.

"या ढिगाइतके बाबा चालले," शाल्मली म्हणाली. "या ताणलेल्या सुताइतके ते दूर आहेत. आणि हे सूत जिकडे जाते तिकडे, पश्चिमेला आहेत."

"ढीग आणि हे सूत, वेगळे कसे?" कालंधराने विचारले.

"ढिगात त्यांची सगळी वळणे आहेत. या सुतात फक्त ते आणि मी आहोत."

कालंधराने मान लववली. बनात खडावा खणखणून गळून पडल्या. केवडा बाजूला सारत एक वाकलेला माणूस बाहेर आला, आणि शाल्मलीचे पाय जागीच खिळले. इतक्या वर्षांत तिने बाबांचे पाऊल बोटाने ओळखले होते. चेहरा ती विसरली होती.

"तू रोज हाक मारायचीस," राजा म्हणाला. "वाटायचे, आठवणच बोलते आहे. मी वळायचो आणि पाय मला दुसरीकडे न्यायचे."

तिने तांब्याभर पाणी आणले आणि त्याचे पाय धुतले. भेगांमध्ये बोट रुतत होते.

राजा अंगणातल्या ढिगाकडे पाहत राहिला. "इतके चाललो, आणि पोहोचलो कुठे, तर परसात. सगळे फुकट गेले, बाळ."

"फुकट कसे? एवढा ढीग दिसतो आहे की."

राजाने उंबरठ्यावर पाऊल ठेवले. ताणलेले सूत बोटभरही उरले नाही. ढीग मात्र तसूभरही कमी झाला नाही.

कालंधराने खडावा डोहात बुडवल्या आणि तो निघून गेला. तेव्हापासून त्या राज्यात गेलेल्या माणसाचे सूत संध्याकाळी एकदा हलकेच ओढून पाहतात. शाल्मली अजूनही कधी कधी उंबरठ्याशी जाऊन बसते. बोटाखाली काही नसते. आत बाबा या दालनातून त्या दालनात फिरत असतात, आणि ती पावले ऐकत राहते.