पडलं की पाडलं

"...आणि सर, सिस्टिम कधी बंद पडली होती का, असं विचारलं तर?"

"तर सांग."

मोघे सरांच्या स्वयंपाकघरात बसून वृषालीनं वही उघडली. चौदा वर्षं सॉफ्टवेअर लिहिलेली बाई, पण शाळकरी पोरीसारखी वहीत बोट घालून बसली होती. वहीतल्या चारशे प्रश्नांची उत्तरं तोंडपाठ. तरी तीन कंपन्यांनी 'कळवतो' म्हणून तिला वाटेला लावलं होतं. उद्या अकराला चौथी मुलाखत, आणि ही नोकरी तिला मनापासून हवी होती.

मोघे सरांनी आयुष्यभर अशा मुलाखती घेतल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून ते आल्यागेल्याला स्वतःच्या हातचा चहा पाजत आणि होता होईल तो कमी बोलत.

"एका दवाखान्याच्या नोंदणीचं काम होतं," तिनं घडाघडा सुरू केलं. "डिझाइन मी केलं. वेग मी वाढवला. एकदा बदल करताना पेशंटची यादी पुसली गेली आणि सिस्टिम बंद पडली. नंतर सगळं पूर्ववत झालं."

सरांनी चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं, हात लांब केला आणि सोडून दिलं.

झाकण फरशीवर खणखणत गोल फिरलं आणि आडवं झालं.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"झाकण पडलं."

"पडलं?"

वृषालीनं वाकून झाकण उचललं.

सर गॅस बारीक करत राहिले.

"तुम्ही पाडलंत, सर."

वृषालीचे कान तापले.

"यादी मी पुसली," ती हळूच म्हणाली. "चाचणीसाठी केलेली खोटी यादी समजून खरीच पुसली. सकाळचे दहा वाजलेले, बाहेर पेशंटची ही रांग..."

मग मात्र ती थांबेना. यादीची जपून ठेवलेली प्रत आदल्या दिवशीची निघाली. त्या सकाळच्या नोंदी कुठेच नव्हत्या. तेव्हा तिला आठवलं, प्रत्येक पेशंटला मोबाइलवर नोंदणीचा मेसेज गेलेला असतो! त्या मेसेजवरून तिनं एकेक नाव परत उभं केलं. तीन तास लागले. सांगता सांगता ती उठून उभी राहिली, हातवारे करू लागली. डोळे चमकत होते. पुढ्यातला चहा पार निवला.

सरांनी तिची वही ओढून घेतली आणि सावकाश पानं चाळली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"यात तर हे कुठे दिसत नाही," ते म्हणाले. "पाठ कधी केलंस?"