‘ई’ म्हणा

“आणि बाकीची साडेतीन मिनिटं कुठं आहेत?” बाईंनी विचारलं.

बाई म्हणजे डॉ. इंदुमती मिराशी. घशाच्या आजारांचं त्रैमासिक त्यांनी चाळीस वर्षं चालवलं. मी त्याची प्रुफं तपासतो. आता ते ऑनलाइन गेलंय. लेखासोबत व्हिडिओ असतात, आणि ते काम बाईंचा लाडका शिष्य डॉ. शार्दूल निकम बघतो. हुशार आहे, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

“कापली, बाई. मर्यादाच तीस सेकंदांची. स्वरतंतू हलताना दिसले, ‘ई’ ऐकू आलं, झालं की! पुढचं नुसतंच बोलणं होतं. अकरा हजार डॉक्टरांनी पाहिलाय.”

“मूळ चित्रण?”

“पुसलं. फोनमध्ये जागा नव्हती.”



बाहेर बाकावर हणमंत तोडकर बसले होते. एसटी स्टँडवर तीस वर्षं गाड्या पुकारलेला माणूस. कर्करोगानं स्वरयंत्र काढावं लागलं. ऑपरेशन शार्दूलनंच केलं, उत्तम केलं. आता तोडकरांच्या गळ्यात भोक आणि हातात पाटी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते शार्दूलच्या फोनसमोर बोलले होते. मुलीच्या पोटातल्या बाळाशी. व्हिडिओ तुम्हालाही देईन, असं यानंच कबूल केलेलं.

बारसं परवावर आलं होतं.

“बोलाव त्यांना,” बाई म्हणाल्या.

तोडकर आत आले. पाटीवर घरूनच लिहून आणलं होतं, ‘माझं बोलणं द्या. नातीला ऐकवायचंय.’

“दाखव.”

शार्दूलनं लॅपटॉप वळवला. “ई म्हणा,” त्याचाच आवाज आला. मग तोडकरांचा... “ईईई...”

पडदा काळा झाला. तोडकर तसेच बघत राहिले. मग पाटी पुसून त्यांनी लिहिलं, ‘पुढचं?’

मला तर त्या शहाण्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

“काका, त्याचं काय झालं...” शार्दूलनं सुरुवात केली. गोड आवाज आहे लेकाचा.

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. तोडकरांच्या हातून पाटी अलगद घेतली, पदरानं पुसली आणि खडूसकट त्याच्यापुढं धरली.

“तोंडानं नको. लिहून सांग.”

“पण बाई... त्यांना ऐकू येतं.”

“येतं ना... म्हणून तर लिही.”