एकट्याचा ओटा

खडकपाळ्याच्या तळ्याच्या बांधावर एक दगडी ओटा आहे, जेमतेम एका माणसाच्या बुडापुरता. पाहुण्यांना वाटते, पाणी बघत बसायला बांधला असेल. पण गावातले कोणी हौसेने त्यावर टेकत नाही. कारण विचारले तर म्हातारी माणसे आधी अवघडतात, मग सांगतात.

फार पूर्वी, रखमाजी पाटलाच्या अमदानीत, हे तळे एका रात्री फुटले. ओंबीवर आलेला गहू पाण्यावाचून उभाच्या उभा वाळणार होता. तळ्याचे पाणी पाळीपाळीने सोडायचे काम भागू पाटकऱ्याकडे असे. बांध त्यानेच फोडला अशी बोलवा उठली आणि दुपारपर्यंत अख्खे गाव चावडीवर जमले. भागू नाही नाही म्हणत होता, पण त्याचे ऐकतो कोण? पाटलाने एकदाच विचारले, गावाचे काय म्हणणे? सगळे एका आवाजात म्हणाले, त्यानेच फोडला. पाटलाला वाटले, पाचामुखी परमेश्वर. इतकी माणसे खोटे कशाला बोलतील? भागूच्या तोंडाला काळे फासून त्याला बायकोसकट शिवेबाहेर घालवले. धिंडीपुढे हलगी वाजत होती, आणि खरे सांगायचे तर पाटलाला त्या दिवशी न्याय केल्याचा अभिमानच वाटला, असे सांगतात.

दोन महिन्यांनी बांध दुरुस्त करायला माती उकरली, तर आत घुशींची बिळे निघाली, पार आरपार. जो तो मान खाली घालून पाट्या उचलू लागला.

निदान एकाने तरी काही पाहिले असेल, या आशेने पाटील मात्र घरोघर फिरला. तेली म्हणाला, मी नाही बघितले, कुंभार सांगत होता. कुंभाराने सुताराचे नाव घेतले, सुताराने गुरवाचे. गुरवाची म्हातारी तेवढी कोणाला भीत नव्हती.

"तुमच्याच वसरीवर ऐकलं, पाटील," ती म्हणाली. "सकाळी त्वांड धुताना तुमीच म्हनला न्हवं, भागू काल पान्यावरनं लई भांडला म्हनून?"

पाटलाला आठवले. तो तेवढेच बोलला होता, सहज. शरमेने त्याला त्या उंबऱ्यावरून उठवेना.

भागूला शोधत तो डोंगरापलीकडे गेला, म्हणे. भागू परक्याच्या मळ्यात मोट हाकत होता. पाटलाने झाले ते सगळे सांगितले, पागोटे काढून त्याच्या पायाशी ठेवले आणि घरी चल म्हणाला. भागूने पागोटे उचलले, माती झटकली आणि परत दिले.

"आता त्या तळ्याचं पानी गळ्याखाली उतरायचं न्हाय," तो म्हणाला. "येकेकाला इचारत फिरलासा, त्येच त्या दिशी इचारलं असतं, तर म्या आज घरी असतो."

पाटील तसाच परतला आणि यापुढे एकेकालाच विचारायचे, म्हणून त्याने स्वतःच्या हातांनी हा एकाच माणसापुरता ओटा रचला.

आजही गावात कोणावर आळ आला की बोलणाऱ्याने या ओट्यावर एकट्याने बसायचे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे. बरेच जण बांधापर्यंत तावातावाने येतात आणि ओटा दिसला की माघारी फिरतात. पण सर्वांत आधी बसायचे ते पाटलाच्या वंशातल्या माणसाने. तो आळाविषयी चकार शब्द काढत नाही. गावाकडे तोंड करून एवढेच म्हणतो, "पयलं आमीच बोललो हुतो," आणि खाली मान घालून उठतो.