राईच्या खिडकीची काच

एक होतं शेत. शेताला होता बांध. बांधाच्या दगडात होतं एक घर.
घरात राहायची आई उंदरी. बाबा उंदीर. आणि त्यांची लेक राई.
राई केवढी? राईएवढी. शेपटी मात्र हा एवढी लांब!

घराला होती एक खिडकी. खिडकीला टिकलीएवढी काच.

बाबा गेले दाण्याला. लांब, पलीकडच्या शिवारात.
जाताना म्हणाले, "राई, रोज तिन्हीसांजेला खिडकीत दिवा लाव. दिवा बघून मी घरी येईन."
राई रोज दिवा लावी. काचेमागे दिवा शांत तेवे.
बाबा काही येत ना.

एक दिवस वारा आला. सूऽऽ सूऽऽ.
बोरीचं झाड हललं. बोर पडलं. टप्प!
काच फुटली. खळ्ळ!

आईने काच वेचायला हात घातला. बोट कापलं.
"आई गं!"
राईने बोटाला चिंधी बांधली.
आई म्हणाली, "राई, काचेला हात लावू नको गं बाई. मी मोठी असून चुकले."

तिन्हीसांज झाली. राईने दिवा लावला.
वारा आला. फूऽऽ! दिवा गेला.
पुन्हा लावला. फूऽऽ! पुन्हा गेला.
मग खिडकीला कागद लावला. दिवा राहिला, पण उजेड बाहेर जाईना. आतला आतच बसला.

राई अंधारात बघत बसली. बाहेर कोणी नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही.

सकाळी राई म्हणाली, "आई, तू बोट सांभाळ. मी जाते काचवाल्याकडे."
निघाली राई. तुरुतुरु तुरुतुरु.
पुढे कोण? कोणी नाही.
मागे कोण? आपली शेपटी.

ओढ्याकाठी राहायचे खेकडेमामा. मामा काचा बसवायचे. मामांची पाठ कठीण, नांग्या कठीण. काच त्यांना लागायची नाही.

राई म्हणाली,
"खिडकीला काच नाही,
दिव्याला आडोसा नाही,
बाबांना वाट नाही.
खेकडेमामा, काच दे ना!"

मामा म्हणाले, "काच आहे गं. पण बसवू कशाने? काचेच्या कडेला लुकण लागतं. खडूची पूड आहे, जवसाचं तेल नाही. दोन्ही मळलं की लुकण होतं."
"नुसती टेकवून ठेव ना, मामा!"
"अन् उद्या वारा आला की? पुन्हा खळ्ळ! असलं फसवं काम मी करत नाही. आधी तेल आण. मग काच देईन."

निघाली राई. तुरुतुरु तुरुतुरु.
पुढे कोण? कोणी नाही.
मागे कोण? आपली शेपटी.

तेलाचा घाणा होता. घाण्यात जवस होतं. घाणा ओढायला बैल होता. पण बैल होता बसलेला.

राई म्हणाली,
"खिडकीला काच नाही,
दिव्याला आडोसा नाही,
बाबांना वाट नाही.
मामा मागतो तेल.
बैलदादा, तेल दे ना!"

बैलाने एक डोळा उघडला. "कोण बोललं? शेपटी बोलली का?"
"मी बोलले. मी राई!"
"हं. राईबाई, घाणा फिरवायला पायात बळ लागतं. बळ येतं पोटातून. पोटात काय आहे? वारा! आधी चारा आण. मग तेल देईन."

निघाली राई. तुरुतुरु तुरुतुरु.
पुढे कोण? कोणी नाही.
मागे कोण? आपली शेपटी.

पुढे लागला माळ. पिवळा, वाळका, खरखरीत. एक पाखरू नाही. एक किडा नाही.

राई म्हणाली,
"खिडकीला काच नाही,
दिव्याला आडोसा नाही,
बाबांना वाट नाही.
मामा मागतो तेल.
बैल मागतो चारा.
माळकाका, चारा दे ना!"

माळ खोकला. खर्र खर्र. धूळ उडाली.
"चारा? माझ्याकडे? माझ्या अंगावर बघ तरी. आधी पाणी आण. मग चारा देईन."

निघाली राई. तुरुतुरु तुरुतुरु.
पुढे कोण? कोणी नाही.
मागे कोण? आपली शेपटी.

माळाच्या कडेने जायचा पाण्याचा पाट. पण पाटात पाणीच नव्हतं. नुसती भेगाळलेली माती.

राई म्हणाली,
"खिडकीला काच नाही,
दिव्याला आडोसा नाही,
बाबांना वाट नाही.
मामा मागतो तेल.
बैल मागतो चारा.
माळ मागतो पाणी.
पाटभाऊ, पाणी दे ना!"

पाट म्हणाला, "मी नुसता रस्ता, राई. पाणी माझं नाही. विहीर धार सोडते, तेव्हा मी वाहतो. आधी विहिरीची धार आण. मग पाणी देईन."

निघाली राई. तुरुतुरु… तुरु… तुरु. पाय दुखायला लागले.
पुढे कोण? कोणी नाही.
मागे कोण? आपली शेपटी. तीसुद्धा दमलेली.

जुनी विहीर होती. काठावर शेवाळ. पायऱ्यांवर पाचोळा.
राई काठावर चढली. आत डोकावली.

राई म्हणाली,
"खिडकीला काच नाही,
दिव्याला आडोसा नाही,
बाबांना वाट नाही.
मामा मागतो तेल.
बैल मागतो चारा.
माळ मागतो पाणी.
पाट मागतो धार.
विहीरआजी, धार दे ना!"

मग खोलातून आवाज आला. "कोण गं तू? किती दिवसांनी कोणी डोकावलं!"
"मी राई."
"पाणी आहे गं राई. पण पार तळाशी. वर यायला जीवच होत नाही. आधी बायका यायच्या. हसायच्या, भांडायच्या, घागरी बुडवायच्या. आता त्यांच्या घरी नळ आले. मला कोणी हाकसुद्धा मारत नाही."

राई म्हणाली, "तुला काय आणू, आजी? तेल? चारा?"
"काही नको आणू. मला एक हाक मार."
"काय हाक मारू?"
"तुझ्या तोंडात येईल ती."

राईने विचार केला. तिच्या तोंडात एकच हाक होती. रोजची.
राई ओरडली, "बाऽबाऽ!"
विहीर म्हणाली, "बाऽबाऽ… बाऽबाऽ… बाऽबाऽ…"
हाक विहिरीतून वर आली. माळावरून गेली. बांधावरून गेली. लांब लांब गेली.

"कोणाला गं हाक मारलीस, पोरी?"
"माझ्या बाबांना. ते अजून आले नाहीत."
विहिरीला गहिवरून आलं. आतला झरा फुटला. डुबुक! डुबुक! पाणी वर आलं. काठापर्यंत आलं.

विहिरीने दिली धार.
धार गेली पाटात. झुळझुळ झुळझुळ.
पाटाने दिलं पाणी.
पाणी गेलं माळावर. माळ हिरवा झाला. सळसळ सळसळ.
माळाने दिला चारा.
चारा खाल्ला बैलाने. चरचर चरचर. बैल उठला. घाणा फिरला. कुर्र कुर्र, कुर्र कुर्र.
जवसाचं तेल निघालं. उरली ती पेंड बैलाने खाल्ली. "वा! राईबाई, हे बरं झालं."
बैलाने दिलं तेल. पानाच्या इवल्या द्रोणात, थेंबभर.

राई तेल घेऊन निघाली. आता पळायचं नाही. हळू… हळू… सांडेल ना!

खेकडेमामांनी पूड घेतली. तेल घातलं. मळ मळ मळलं. लुकण झालं.
काच पाठीवर घेतली. मामा तिरके तिरके चालत राईच्या घरी आले.

आधी काय केलं? फुटके तुकडे नांग्यांनी वेचले. पानात गुंडाळले. खड्डा करून पुरले.
"म्हणजे कोणाच्या पायाला लागायला नकोत."
मग हिऱ्याच्या कणीने काच कापली. कर्रर्र! बरोबर टिकलीएवढी.
काच बसवली. कडेने लुकण लावलं. दाब दाब दाबलं. फडक्याने पुसली. लख्ख!
"लुकण ओलं आहे. आज बोट लावायचं नाही."

आई म्हणाली, "दादा, तुमची मजुरी?"
राई म्हणाली, "बाबा आले की दाणे देऊ, मामा."
मामांनी राईकडे बघितलं. रिकाम्या कणगीकडे बघितलं.
"हो गं. बाबा आले की दे."
आणि मामा तिरके तिरके निघून गेले.

तिन्हीसांज झाली. राईने दिवा लावला.
वारा आला. सूऽऽ! काच हलली नाही. दिवा गेला नाही. उजेड बाहेर गेला, बांधावर गेला.
राई बघत बसली.
बाहेर कोणी नाही.
अजून कोणी नाही.
आई म्हणाली, "ये, नीज आता."
"थांब ना थोडं."

आणि मग…
खुसखुस. खुसखुस.
दाराशी कोण?
पाठीवर दाण्यांचं गाठोडं. मिशांना धूळ.
"बाबाऽ!"

बाबांनी गाठोडं टाकलं. राईला उचललं.
"वाट चुकलो होतो गं. भलतीकडेच चाललो होतो. एवढ्यात लांबून हाक आली, 'बाबा, बाबा, बाबा'. म्हटलं, ही तर माझी राई! हाकेच्या दिशेने वळलो. चालत राहिलो. अंधार पडला. पुढचं काही दिसेना. मग दिसला आपल्या खिडकीतला दिवा."

सकाळी खेकडेमामांना ओंजळभर दाणे पोचले.
आणि राई रोज विहिरीवर जाऊ लागली. एक हाक मारायला. "आऽजीऽ!"

पण त्या रात्री राई निजली, तेव्हा
पुढे कोण? आई.
मागे कोण? बाबा.
मधे कोण? राई.
आणि शेपटी?
ती बाबांच्या मुठीत.

राईच्या खिडकीत दिवा तेवला, तसा तुमच्या घरी तेवो. वाट चुकलेलं माणूस घरी येवो. कणगी दाण्यांनी भरली, बाळांनो, आता झोप तेवढी उरली.