पहिली गाठ

खूप जुनी गोष्ट आहे. नदीकाठी विणकरांचे एक गाव होते. तिथली एक विणकरीण तापाने गेली. मागे राहिली तिची लहान मुलगी आणि एक सागवानी माग.

मुलीला आणि मागाला, दोघांनाही काकाने आपल्या घरी नेले. "माग पोरीचाच. मी नुसता सांभाळतो. मोठी झाली की तिच्या हवाली करीन," तो चारचौघांत म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

मुलगी काकाच्या घरी सुताच्या कांड्या भरू लागली.

"काका, माझा माग?" ती विचारी.

"अगं, मागाखालच्या पावड्या दाबायला पाय तरी पोचतात का तुझे?"

पाय पोचू लागले. तिने पुन्हा विचारले.

"मागाला काय पंख फुटलेत? कुठं उडून चाललाय?" काका हसला.

"आणि दोन वेळा जेवतेस ते?" काकू आतून म्हणाली.

मागावर बसायची, आईच्या मापाची बैठक काकाने तासून आपल्या मापाची केली. त्या दिवशी मुलीच्या हातून एकही कांडी भरली गेली नाही.

त्या गावात एक रीत होती. मागावर नवा ताणा, म्हणजे उभे सूत, चढला की पहिली गाठ मागाच्या मालकाने बांधायची. दुसऱ्या कुणी बांधली तर ते कापड अपशकुनी ठरे. काका माणसांना भीत नसे, पण अपशकुनाला फार भिई. म्हणून नवा ताणा चढला की तो हाक मारी, "ये गं, तेवढी गाठ मारून जा." ती गाठ मारी आणि पुन्हा कांड्यांपाशी जाऊन बसे.

एकदा राणीचा शेला विणायचे काम काकाला मिळाले. ताणा चढताना पाहायला सगळे गाव अंगणात जमले. गावातली सर्वांत वडीलधारी विणकरीणही आली.

"ये गं, गाठ मार," काकाने हाक दिली.

मुलगी आली. हात मागे बांधून उभी राहिली.

"नाही मारणार."

"पोर रुसलीय," काका लोकांकडे बघून हसला.

"रुसले नाही. तुमचाच माग आहे ना? मग तुम्हीच मारा."

"शोभा करू नकोस!" काका ओरडला. "मी मारली तर अपशकुन होईल! मालकाच्याच हातची गाठ लागते!"



"काय म्हणालास?" म्हातारीने विचारले. "पुन्हा म्हण."

काका ताण्याचे सूत चाचपू लागला.

मुलगी लोकांकडे वळली. "तुम्हालाही ठाऊक होतं. दर वेळी मी गाठ मारताना तुमच्यापैकी कुणी ना कुणी इथं असायचंच. एकानं तरी विचारलं?"

कुणीही मान वर केली नाही. मग म्हातारी उठली आणि तिने मागाचा एक खांब धरला. तिच्यामागून बाकीचे आले. दिवस मावळायच्या आत माग मुलीच्या आईच्या घरी पोचला. राणीचे कामही काकाच्या हातून गेले. त्यानंतर गावात कुणी त्याच्याकडे साधी सुईसुद्धा ठेवायला दिली नाही.

काही दिवसांनी काका तिच्या दारात आला. "दिला ना तुझा माग? आता तरी राग सोड."

"माग दिलात, काका. माझी वर्षं कुठून देणार?" ती म्हणाली आणि तिने दार लावून घेतले.

तात्पर्य: सांभाळायला घेतलेली वस्तू मागितल्यावर न देणे ही चोरीच, आणि ती बघून गप्प बसणारा त्या चोरीत भागीदार असतो.